‘बाबा घरी नाहीत’

ताई, प्रभूच्या नावात सलाम.

माझं वय ५३. आमचं घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे. नाताळला गोठा, दाराला चांदणी, जेवणाआधी प्रार्थना, रविवारी उपासना, सगळं नेमाने चालतं. मुलगी १९ वर्षांची आहे. चार महिन्यांपासून तिने रविवारी चर्चला यायचं बंद केलंय. त्या वेळात ती मैत्रिणींबरोबर एका रुग्णालयात जाते आणि ज्यांना भेटायला कुणी येत नाही अशा रुग्णांजवळ बसते. मैत्रिणींपैकी एकही ख्रिस्ती नाही. मी रागावलो तेव्हा म्हणाली, “आपल्या घरात ख्रिस्ती काय आहे बाबा? भिंतीवरचा क्रूस आणि फोनमधली वचनं. बाकी आपण सगळ्यांसारखेच जगतो.” मग तिने एक जुनी गोष्ट काढली. ती शाळेत असताना एका माणसाचे पैसे मी थकवले होते. त्याचा फोन आला तेव्हा ‘बाबा घरी नाहीत’ असं मी तिला सांगायला लावलं. त्यानंतर लगेच आम्ही जेवायला बसलो आणि मी प्रार्थना केली, हेसुद्धा तिला आठवतं. मला उत्तर देता आलं नाही. आता तिने गळ्यातला क्रूसही काढून आईच्या डब्यात ठेवलाय. तिला विश्वासात परत कसं आणू?

— एक अस्वस्थ बाप

दादा, सलाम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा जेवणाच्या प्रार्थनेपाशी थांबले. फोनवरचं खोटं तिच्या लक्षात राहिलं यात नवल नाही. मुलं असलं काही विसरत नाहीत. पण त्यानंतरची प्रार्थनाही तिच्या लक्षात राहिली. प्रार्थना म्हणजे नुसती सवय असं तिला वाटत असतं, तर त्या दोन गोष्टी तिने कधी एकमेकींशेजारी ठेवल्याच नसत्या. त्या टेबलाशी देव खरोखर बसलाय असं ती शाळकरी मुलगी धरून चालली होती, म्हणून तर तिला ते टोचलं. इतकी वर्षं टोचत राहिलं. तेव्हा ‘परत कसं आणू’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. ती तुम्हाला वाटतं तितकी लांब गेलेली नाही.

तिच्या बोलण्यातला खरा प्रश्न मला असा दिसतो: या विश्वासापायी आपल्याला कधी काही तोशीस पडते का? गोठा मांडायला पडत नाही, वचन फॉरवर्ड करायला पडत नाही. रविवारी दीड तास बसायलाही फारशी पडत नाही. मग तोशीस पडायची वेळ येते, फोन वाजतो, आणि आपण घरी नसतो. तिने एवढंच पाहिलंय आणि एवढंच विचारलंय.

आता कुणी म्हणेल, मग गोठा, चांदणी, क्रूस हे सगळं वरवरचंच, काढून टाका. मला ते मुळीच पटत नाही. या वस्तू वरवरच्या नव्हत्याच. त्यातली एकेक उचलून पाहिली तर तिच्या मुळाशी कुणाला तरी पडलेली तोशीस सापडते.

गोठ्याचंच बघा. १२२३ च्या नाताळात असिसीच्या फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावात गव्हाणी मांडली. गवत आणलं, खरा बैल आणि खरं गाढव आणून उभं केलं, रात्री मशाली घेऊन गावकरी जमले. हे त्याने शोभेसाठी केलं नव्हतं. तान्ह्या बाळाच्या गरजेच्या वस्तूही त्या बाळापाशी नव्हत्या, ती अडचण त्याला डोळ्यांनी पाहायची होती, लोकांना दाखवायची होती. शेणाचा वास आणि डिसेंबरची थंडी त्या देखाव्यातच होती. आपण पुढे त्यातली थंडी काढली आणि दिव्यांची माळ घातली. माळ राहू द्या, मुलांना आवडते. पण गोठा मांडताना ती अडचण आपण कधी आठवतो का?

क्रुसाचं तर त्याहून जास्त. रोमच्या पॅलाटाइन टेकडीवर १८५७ मध्ये एका पुरातन भिंतीच्या गिलाव्यावर ओरखडून काढलेलं चित्र सापडलं. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या शतकातलं असावं असं मानतात. क्रुसावर एक आकृती आहे, तिला डोकं गाढवाचं. खाली एक माणूस हात उंचावून उभा आहे. शेजारी वेड्यावाकड्या ग्रीक अक्षरांत लिहिलंय: अलेक्सामेनोस आपल्या देवाची उपासना करतोय. कुणीतरी त्याची टर उडवली होती. क्रूस तेव्हा दागिना नव्हता. गुलामांना आणि बंडखोरांना हालहाल करून मारायचं ते साधन होतं, आणि त्यावर मेलेल्या माणसाला देव म्हणणारा अलेक्सामेनोस सोबत्यांना हास्यास्पद वाटला होता. या माणसाबद्दल आपल्याला दुसरं काही ठाऊक नाही. क्रुसापायी त्याला हसणं सोसावं लागलं, एवढंच त्या भिंतीने जपून ठेवलं.

म्हणून तुमच्या मुलीने क्रूस डब्यात ठेवला याचं मला तुमच्याइतकं वाईट वाटत नाही. अर्थ नसताना तो गळ्यात मिरवू नये असं वाटणारी मुलगी क्रुसाला हलकं लेखत नाही. तो डब्यात राहू द्या. आईलाही सांगा, ‘घाल ना गं’ म्हणून मागे लागू नका.

आणि आता रविवार, ज्यावर तुमचा राग आहे. हा सुट्टीचा वार कसा झाला ते पाहण्यासारखं आहे. ३२१ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने फर्मान काढलं, की सूर्याच्या वारी न्यायाधीशांनी आणि शहरातल्या लोकांनी विश्रांती घ्यावी. शेतकऱ्यांना मात्र पेरणी चुकू नये म्हणून मोकळीक ठेवली. त्याआधीच्या ख्रिस्ती लोकांना सुट्टी कुठली! ते कामावर जाण्याआधी जमायचे. इसवी सन ११२ च्या सुमारास काळ्या समुद्राकाठच्या बिथुनिया-पंत प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट त्रायानला एक पत्र पाठवलं. या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय, असं तो विचारत होता. चौकशीत त्याला कळलं ते असं: हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्याआधी एकत्र येतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गीत म्हणतात आणि शपथ घेतात. कटकारस्थानाची नाही. चोरी करायची नाही, लुटायचं नाही, व्यभिचार करायचा नाही, दिलेला शब्द मोडायचा नाही, आणि कुणी विश्वासाने ठेवलेली रक्कम परत मागितली तर नाही म्हणायचं नाही.

दादा, शेवटची गोष्ट पुन्हा वाचा. बाहेरच्या माणसाने केलेलं आपल्या उपासनेचं हे बहुधा सर्वांत जुनं वर्णन आहे, आणि त्यात गीताच्या जोडीला देण्याघेण्याचा व्यवहार आहे. अंधारात जमलेली ती माणसं गीत म्हणून घरी जात होती, आणि उजाडल्यावर पैसे मागायला कुणी आलं तर दार उघडत होती. तुमच्या मुलीने हे पत्र वाचलेलं नसेल. तिला ते आतूनच कळलंय. उपासना आणि तो फोन या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हेच ती तुम्हाला सांगतेय.

म्हणून तुम्हाला पहिला सल्ला देते तो तिच्याबद्दलचा नाही. ते पैसे पुढे फिटले की नाही, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. फिटले नसतील तर या महिन्यात फेडायला लागा. एकदम जमत नसेल तर थोडेथोडे द्या, पण त्या माणसाला स्वतः फोन करा आणि उशिराबद्दल क्षमा मागा. तो हयात नसेल तर त्याच्या घरच्यांना शोधा. फिटले असतील, तरी त्या दिवशी फोन टाळला हे त्याला सांगा. अवघड वाटेल. बायबलमधल्या जक्कय या जकातदारालाही ते अवघड गेलं असेल. येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून आला, तेव्हा कुणी न विचारता तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, ज्यांना मी नाडलं त्यांना चौपट परत करतो. येशूने त्यावर काय म्हटलं ते लूकच्या १९ व्या अध्यायात आहे: आज या घराला तारण मिळालं. नुसत्या जक्कयाला नाही, घराला. घरात मुलं असतील तर त्यांनी हे सगळं पाहिलंच असेल.

मग मुलीपाशी जा. जेवणाच्या टेबलाशी नको, तिथे सगळे असतात आणि ती अवघडेल. दोघंच असाल तेव्हा सांगा, “त्या दिवशी मी तुला खोटं बोलायला लावलं. चुकलं माझं.” आणि तिथेच थांबा. ‘तेव्हा परिस्थितीच तशी होती’ हे जोडू नका. खरं असेल तरी जोडू नका. ‘आता तरी चर्चला येशील ना’ हे तर अजिबात नाही. असं काही म्हटलंत तर माफी सौद्यासारखी वाटेल, आणि सौदा तिला लगेच ओळखू येतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. मी आठ-नऊ वर्षांची असेन. महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजनाचा. पाळकांनी बोलावलं, लोक उठून रांगेने पुढे जाऊ लागले. आमच्या बाकावरून बाबाही उठले. आईने वाट द्यायला पाय बाजूला घेतले. पण बाबा पुढे गेलेच नाहीत, वळले आणि मागच्या दाराने बाहेर पडले. मला वाटलं त्यांना बरं वाटत नाहीये. मी उठायला लागले तर आईने माझा फ्रॉक धरून खाली बसवलं. उपासना संपली, लोक पांगले, झाडलोट सुरू झाली, तरी आम्ही तिथेच. शेवटी बाबा आले. सदरा घामाने पाठीला चिकटला होता आणि बरोबर मोठे काका होते. दोघं भाऊ दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. वेदीवर अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर: मत्तयचा पाचवा अध्याय. बाबांनी तो मला कधी समजावून सांगितला नाही. काकांनी आल्या आल्या झाडू धरलेल्या माणसाला म्हटलं, “दे इकडे,” आणि उरलेली फरशी त्यांनी झाडली. का, कोण जाणे. हाताला काहीतरी काम हवं असेल. बाबांना त्या दिवशी प्रभुभोजन मिळालं नाही, पुढच्या महिन्यात दोघांनी शेजारी उभं राहून घेतलं.

नंतर मीही बरीच वर्षं चर्चपासून लांब होते. परत आले त्याला कुठलंही प्रवचन कारण नव्हतं. मला ती ओली पाठ आठवत राहिली. तुमच्या मुलीला आज एक फोन आठवतो. दुसरं काहीतरी आठवण्यासारखं तिला देणं अजून तुमच्या हातात आहे.

आता तिच्या रुग्णालयाबद्दल. ‘चर्च सोडून तिकडे जाते’ असं तुम्ही लिहिलंय. दादा, तिकडे जाण्याची वाट चर्चमधूनच गेलेली आहे. चौथ्या शतकात, ३७० च्या दशकात, कैसरियाचा बिशप बासिल याने शहराबाहेर एक वस्तीच उभी केली, आजच्या तुर्कस्तानातल्या कायसेरीजवळ. आजाऱ्यांची सोय, प्रवाशांना निवारा, आणि ज्यांना लोक शहरात फिरकू देत नसत त्या कुष्ठरोग्यांना हक्काची जागा. बासिल खानदानी घरातला, उत्तम शिकलेला. पण तो त्या रुग्णांना भाऊ म्हणून कवटाळायचा, असं त्याच्या मित्राने, नाझियांझच्या ग्रेगोरीने, त्याच्या मृत्यूनंतरच्या भाषणात सांगितलंय. अनोळखी आजाऱ्याला आत घेऊन त्याची शुश्रूषा करायची, आणि तो कोण-कुठला हे विचारायचं नाही, ही गोष्ट आज कुठल्याही रुग्णालयात इतकी साहजिक वाटते, की तिच्यामागे कुणाचा विश्वास होता हे कुणाला आठवायची गरजही पडत नाही. मला त्याचा खेद वाटत नाही. मीठ विरघळल्यावर कुठे दिसतं?

मैत्रिणी ख्रिस्ती नाहीत, हे तुम्हाला लागलंय. त्यावर एक खरी हकिकत सांगते. १९४८ साली लंडनच्या एका रुग्णालयात डेव्हिड तास्मा नावाचा माणूस कर्करोगाने मरत होता. पोलंडचा ज्यू, वय चाळीसच्या आसपास, जवळचं कुणी नाही. त्याच्यापाशी जाऊन बसायची ती सिसिली साँडर्स. समाजसेविका, नुकतीच ख्रिस्ती विश्वासाकडे वळलेली. मरणाऱ्या माणसाला औषधाबरोबर आणखी काय लागतं, यावर दोघं बोलायचे. अशांसाठी एखादं वेगळं घर असावं, हा विचार त्या गप्पांतून आला. जाताना त्याने तिच्यासाठी ५०० पौंड ठेवले आणि म्हटलं, तुझ्या त्या घरात मी एक खिडकी होईन. साँडर्सने मग वैद्यकीचं शिक्षण घेतलं, डॉक्टर झाली, आणि १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू झालं. मरणासन्न रुग्णांच्या आधुनिक शुश्रूषेची सुरुवात जगभर तिथूनच सांगतात. ती खिडकी तिथे आहे. डेव्हिड ख्रिस्ती नव्हता. पण ते घर त्याच्या खिडकीभोवतीच उभं राहिलं, असं स्वतः साँडर्स सांगायची. तुमची मुलगी आणि तिच्या मैत्रिणी एका खाटेपाशी बसल्या असताना तिथे कोण कुठल्या धर्माची, हे त्या रुग्णाला तरी सुचत नसणार. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात वाटेवर जखमी पडलेल्या माणसाला टाळून गेलेले याजक आणि लेवी दोघंही धर्माच्या आतले होते, आणि थांबला तो बाहेरचा. हे तुम्ही कितीदा ऐकलं असेल.

पण तुमच्या मुलीचंही सगळंच बरोबर आहे असं मला वाटत नाही, आणि ते लपवून तुम्हाला बरं वाटेल असं लिहिणार नाही. उपासनेवाचून सेवा पुरते, असं ती धरून चाललीय. चार महिने पुरेल, वर्षभरही पुरेल. मग एखाद्या रविवारी ती वॉर्डात जाईल आणि तिची आवडती खाट रिकामी असेल, चादर बदललेली असेल. ते दुःख घेऊन ती कुठे जाणार? तिचे स्वतःचे शब्द त्या वेळी अपुरे पडतील. माझे पडले होते. त्यासाठी मंडळी लागते, आपल्याआधी रडून गेलेल्यांचे शब्द लागतात. ८८ वं स्तोत्र घ्या: सुरुवातीपासून शेवटपर्यंत आक्रोश, आणि शेवटही अंधारातच, समाधानाची एक ओळ नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि लोक ते एकत्र म्हणत आलेत. हे तिला आज सांगू नका, आज ते तिला चर्चची जाहिरात वाटेल. पण तो दिवस आला आणि ती घरी येऊन दार लावून बसली, तर दारावर टकटक करा. स्तोत्र तुम्हीच वाचा. ती ऐकेल किंवा ऐकणार नाही.

फोनमधल्या वचनांचं थोडक्यात. रोज सकाळी सगळ्यांना एकच वचन पाठवणं काही दिवस थांबवून बघा. त्याऐवजी एका माणसाचं नाव मनात धरा, जो आजारी आहे, ज्याची नोकरी गेलीय, जो तुमच्याशी तुटक वागतोय, आणि त्या एकासाठी वचन शोधा. शोधायला वेळ लागेल, कधी सापडणारच नाही, मग त्याला नुसताच फोन करावा लागेल.

जेवणाची प्रार्थना मात्र बंद करू नका. तिच्यासमोर तोंड उघडायची लाज वाटत असेल, तरी करा. शब्द कमी करा. ‘आमची ऋणे आम्हांला सोड’ हे प्रभूच्या प्रार्थनेत आपण लहानपणापासून म्हणत आलोय. ऋण हा शब्द तिथे उगाच नाही, आणि आता तो म्हणताना तुम्हालाही अडखळायला होईल. अडखळा. तिला ऐकू येईल.

या रविवारी उपासनेला नेहमीसारखे जा. संपल्यावर घरी न जाता तिला विचारा, “रुग्णालयात भेटीची वेळ कितीपर्यंत असते? मी आलो तर चालेल का?” नाही म्हणाली तर राहू द्या, महिन्याभराने परत विचारा. हो म्हणाली, तर जा, आणि ती जिथे सांगेल तिथे बसा. अनोळखी रुग्णाशी काय बोलायचं ते तुम्हाला सुचणार नाही. पहिल्यांदा कुणालाच सुचत नाही. ती कशी बोलते, पाण्याचा पेला कुठल्या बाजूने पुढे करते, ते बघा, आणि तिने सांगितलं की तुम्हीही तसंच करा.

— तुमची ताई